कॅमेरा, सजगता आणि ताण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी आम्ही काही जण फोन आणि कॅमेरे घेऊन पुण्यात हळूहळू फिरतो. ताण हलका व्हावा म्हणून सजगतेने, म्हणजे समोरच्या गोष्टीवर पूर्ण लक्ष ठेवून, फोटो काढतो. याला सजग छायाचित्रण म्हणतात. नवीन येणारे बहुतेक तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत.

फोटो तर मी दिवसभर काढतो. ताण कमी होत नाही, फोन मात्र भरतो. मग यात वेगळं काय?

आपले बहुतेक फोटो "नंतर बघू" म्हणून काढलेले असतात. पार्किंगमधल्या खांबाचा नंबर, वीजबिल, हॉटेलातलं ताट, सिंहगडावरचा ग्रुप. फोन वर, क्लिक, फोन खिशात. नजर त्या गोष्टीवर नीट पोचायच्या आतच काम उरकलेलं असतं.

इथे क्रम उलटा आहे. आधी बघायचं, भरपूर बघायचं आणि मग वाटलं तर एक फोटो काढायचा. तो चांगला आला की फसला, याचा मन हलकं होण्याशी फारसा संबंध नाही. मन हलकं होतं ते बघण्याने, फोटो हे त्याचं निमित्त. आणि निमित्त लागतंच. नुसतं "शांत बसा आणि समोर बघा" म्हटलं तर आपल्यातले निम्मे लोक दोन मिनिटांत मेसेज तपासायला लागतील. हातात कॅमेरा असला की त्याच माणसाला एका जुन्या भिंतीसमोर दहा मिनिटं उभं राहायला काही वाटत नाही.

ठीक आहे, पण नेमकं करायचं काय?

फोन विमान मोडवर टाका. कॅमेरा त्यातही चालतो. एका जागी उभे राहा किंवा बसा आणि दोन-चार श्वास नीट घ्या. मग विषय शोधायला निघू नका. "आज काय भारी मिळेल" म्हणून नजर भिरभिरायला लागली की ते पुन्हा काम झालं. काहीतरी आपणहून नजरेत भरेपर्यंत थांबा. एखादा रंग असेल, भिंतीवर पडलेला उजेडाचा तुकडा असेल, दोरीवर वाळणारी चादर असेल.

नजर अडकली की स्वतःला एकच विचारा: मी कशामुळे थांबलो? रंगामुळे, उजेडामुळे, की तिथल्या खरखरीत पोतामुळे? उत्तर मिळालं की बाकीचं चौकटीबाहेर ठेवा. चादरीच्या निळ्या रंगाने थांबला असाल तर बाल्कनी, कुंडी, शेजाऱ्यांची खिडकी यांची गरज नाही. मग एक फोटो काढा आणि काढल्यावर स्क्रीनवर बघू नका. हे शेवटचं सगळ्यात जड जातं.

घरी सुरुवात करायची तर स्टीलचा तांब्या घ्या आणि खिडकीशी ओट्यावर ठेवा. पहिल्या मिनिटात तो तांब्याच दिसेल. थोडं थांबलात की त्याच्या पोटावर अख्खी खिडकी दिसायला लागते, वाकलेली, बारीक, गज धनुष्यासारखे झालेले. मानेशी उजेडाची एक पांढरी रेघ असते. खाली ओट्याचा काळा दगड चढत गेलेला असतो आणि मधे एक छोटा काळसर आकार हलतो, तो तुम्ही. घासणीचे गोल गोल ओरखडे दिसतात ते सगळ्यात शेवटी, कारण ते रोज डोळ्यांसमोर असतात. इथवर पोचायला पाचेक मिनिटं जातात. तेवढ्या वेळात उद्याच्या मीटिंगचा विचार मनात आला का, ते नंतर आठवून बघा.

हे कुणी शोधून काढलं? नवीन फॅड आहे का?

नाव नवीन असेल, गोष्ट जुनी आहे. अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ 1922 पासून कित्येक वर्षं नुसत्या ढगांचे फोटो काढत राहिला. त्यांत जागा नाही, माणूस नाही, गोष्टही नाही. त्याचा प्रभाव घेतलेला छायाचित्रकार मायनर व्हाइट 1965 पासून अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात शिकवत होता आणि कॅमेरा उचलण्याआधी विद्यार्थ्यांना ध्यानाला बसवत होता. पुढे तिबेटी बौद्ध गुरू चोग्याम त्रुंग्पा यांच्या शिकवणुकीतून मिक्सांग ही फोटो काढण्याची पद्धत निघाली. वर सांगितलेला "नजर अडकली की थांबा, मग बघा, मग काढा" हा क्रम बराचसा तिच्यातलाच.

सजगतेला दवाखान्यात आणलं अमेरिकन प्राध्यापक जॉन कबाट-झिन यांनी. 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला. दीर्घकाळ दुखणी सोसणारे, औषधांनी फारसा फरक न पडलेले रुग्ण तिथे यायचे. त्यातला एक प्रसिद्ध धडा म्हणजे एकच मनुका हातात घेऊन, आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय अशा नजरेने तिच्याकडे बघायचं, वास घ्यायचा आणि मग सावकाश खायची. आपल्या तांब्याचा मनुकेशी काय संबंध, हे वेगळं सांगायला नको.

याला काही शास्त्रीय आधार आहे, की नुसतं छान वाटतं म्हणून?

आधार आहे, पण जपून वाचायला हवा.

आधी विरोधातला. अमेरिकेतल्या फेअरफील्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी विद्यार्थ्यांना संग्रहालयात फिरवलं. काही वस्तू नुसत्या बघायच्या होत्या, काहींचे फोटो काढायचे होते. फोटो काढलेल्या वस्तू विद्यार्थ्यांना कमी आठवल्या. 2014 मध्ये छापून आलेला हा अभ्यास "फोटोमुळे स्मरणशक्ती जाते" अशा मथळ्यांनी जगभर फिरला. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मथळ्यांत आली नाही: ज्यांना वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करायला सांगितलं होतं, त्यांच्या बाबतीत ही घट झाली नाही. चौकटीत न आलेला भागही त्यांना आठवला. अख्खी मूर्ती टिपून पुढे सरकणं आणि तिच्या बोटांवर थांबणं यात एवढा फरक पडतो.

क्रिस्टिन डील, गॅल झॉबरमन आणि अलिक्झांड्रा बराश यांनी 2016 मध्ये नऊ प्रयोग एकत्र प्रसिद्ध केले. फोटो काढणारे लोक समोरच्या अनुभवात जास्त गुंतले आणि त्यांना तो जास्त आवडला. पण अनुभवच अप्रिय असेल तर उलट झालं. सिंहांचा कळप म्हशीवर तुटून पडतोय असं दृश्य दाखवलं, तेव्हा फोटो टिपणाऱ्यांना ते नुसतं बघणाऱ्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं. कॅमेरा लक्ष वाढवतो, मग समोर काहीही असो. म्हणूनच मी नव्या लोकांना सांगतो की मन आधीच थाऱ्यावर नसेल त्या दिवशी हॉस्पिटलचे कॉरिडॉर, अपघात किंवा घरातलं भांडण कॅमेऱ्यातून बघायला जाऊ नका.

यातल्याच काही संशोधकांना 2017 मध्ये आणखी एक गोष्ट दिसली. फोटो काढणाऱ्यांना दिसलेलं जास्त लक्षात राहतं, पण ऐकलेलं कमी. म्हणून आम्ही फेरीच्या मधे थोडा वेळ फोन खिशात ठेवून नुसतं ऐकतो. पोपट, कुकरची शिट्टी, कुणाच्या तरी रेडिओवरची जुनी गाणी.

कॅमेरा कुठला घेऊ?

घेऊ नका. खिशातला फोन पुरतो. नवा कॅमेरा आला की पहिले सहा महिने त्याच्या मेनूतच जातात, आणि ईएमआयचा ताण आणखी वेगळा.

घरात जुना फिल्मचा कॅमेरा चालू स्थितीत पडला असेल तर मात्र बाहेर काढा. रोलमध्ये छत्तीसच फोटो, आता तो आणायचा आणि धुऊन घ्यायचा म्हणजे बऱ्यापैकी खर्च, आणि लगेच बघायची सोय नाही. आम्ही जे नियम घसा कोरडा करून सांगतो, ते तो कॅमेरा गप्प राहून पाळायला लावतो.

फोनमध्ये काही सेटिंग बदलावं लागतं का?

थोडंच. शटरचा आवाज बंद करता येत असेल तर करा. हलणारे फोटो, एका दमात वीस फोटो, असले प्रकार बंद ठेवा. झूम करण्याऐवजी दोन पावलं पुढे जा. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथे बांधला जातो. मग फोन सारखा आपल्या मनाने उजेड कमी-जास्त करत नाही आणि सावली सावलीसारखी काळी राहते. रंगांनी गोंधळायला होत असेल तर एखादा आठवडा कृष्णधवल मोडवर काढून बघा. आकार आणि उजेड लगेच वर येतात.

मी वन बीएचकेमध्ये राहते. समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत आहे. मला कुठले डोंगर आणि फुलं मिळणार?

कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, तिथे मनःशांती किती आणि रांग किती! सुंदर जागी उलट त्रासच जास्त: सगळ्यांनी काढलेला तोच फोटो आपल्यालाही यावा असं वाटायला लागतं.

योसेफ सुडेक नावाच्या चेक छायाचित्रकाराचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला होता. दुसऱ्या महायुद्धात प्राग जर्मनांच्या ताब्यात असताना तो आपल्या छोट्या स्टुडिओच्या खिडकीतून फोटो काढायला लागला. काचेवरचे दवबिंदू, बाष्प, मागे धूसर झालेलं वाकडं झाड. खिडकी तीच आणि झाड तेच, पण 1940 ते 1954 त्याचं हे चालू होतं.

तुमच्या समोरच्या भिंतीवर ऊन येतं ना? मग वर्षभर पुरेल एवढा विषय आहे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन घरात खोलवर येतं, कधी कधी थेट देवघरापर्यंत. उन्हाळ्यात तेच ऊन मागे सरत खिडकीच्या चौकटीशी येऊन थांबतं. मग शून्य सावलीचा दिवस येतो, कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्या-मुंबईत मेच्या मध्यावर आणि नागपुरात मेअखेरीस. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या आसपास सरळ उभ्या ठेवलेल्या डब्याची सावली डब्याच्या बुडाखाली गडप होते. खरी गंमत त्यानंतर आहे. पुण्यात त्या दिवसापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारची सावली दक्षिणेकडे पडते, एरवीपेक्षा उलट. ढग असतात म्हणून आणि कुणी बघत नाही म्हणूनही हे लक्षात येत नाही. ग्रिलची सावली आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, एकाच जागेवरून टिपत गेलात तर ते तुम्हाला घरबसल्या दिसेल.

ऊन येतच नसेल तर ओटा आहे. मोड येत असलेली मटकी तीन दिवस बघा.

मन भरकटतं. पाच मिनिटांत ऑफिसचं काहीतरी आठवतंच.

आठवू द्या. आठवलं हे लक्षात आलं की परत त्या सावलीच्या कडेवर या. हे शंभर वेळा होईल आणि परत येणं हाच सराव आहे. डोळे मिटून श्वासावर लक्ष ठेवताना परत यायचं ठिकाण बारीक असतं, कित्येकांना ते सापडतच नाही. इथे ते डोळ्यांसमोर ठसठशीत असतं. ज्यांना बसून ध्यान जमत नाही त्यांना हे जमतं, ते बहुधा यामुळेच.

रोज किती वेळ?

पंधरा-वीस मिनिटं. शनिवार-रविवारी तीन तास करण्यापेक्षा रोज थोडं केलेलं बरं. चहा उकळेपर्यंतचा वेळही चालतो.

मी इगतपुरीला विपश्यनेचं शिबिर केलंय. हे तेच का?

नाही. तिथे दहा दिवस फोन जमा करावा लागतो, मौन असतं आणि लक्ष श्वासावर आणि शरीरातल्या संवेदनांवर असतं. इथे लक्ष बाहेर आहे, शिवाय शेवटी एक वस्तू, म्हणजे फोटो, हातात उरते आणि ती हवीशी वाटते. विपश्यनेच्या दृष्टीने हा मोहच झाला. दोन्ही करणारे लोक आमच्यात आहेत, पण ते सकाळी बसतात आणि संध्याकाळी फोटो काढतात, एकात एक मिसळत नाहीत. मला ते योग्य वाटतं.

हे फोटो इन्स्टावर टाकू का?

माझं मत, निदान सुरुवातीचे काही महिने टाकू नका. आधी सांगितलेल्या बराश, झॉबरमन आणि डील यांनीच 2018 मध्ये दाखवलं की इतरांना दाखवायच्या हेतूने फोटो काढणाऱ्यांना तो अनुभव, स्वतःसाठी काढणाऱ्यांपेक्षा, कमी आवडतो. लोकांना आपण कसे दिसू ही काळजी मधे येते. तुम्हीही हे ताडून बघू शकता: फोटो काढता काढता डोक्यात कॅप्शन तयार व्हायला लागली की समजा, तुम्ही तिथून निघून गेलात.

पण दुसरी बाजूही आहे. लिझ ब्रूस्टर आणि अँड्र्यू कॉक्स यांनी रोज एक फोटो काढून तो ऑनलाइन टाकणाऱ्या लोकांचा अभ्यास केला. तो 2018 मध्येच प्रसिद्ध झाला. त्या लोकांना त्यातून आधार मिळत होता: घराबाहेर पडायला कारण, चार ओळखी आणि जुने फोटो बघताना "आपला तोही दिवस अगदीच वाया गेला नव्हता" ही जाणीव. म्हणजे एकट्या, निवृत्त किंवा घरात अडकलेल्या माणसाला छोट्या गटात फोटो दाखवण्याचा फायदाच होऊ शकतो. बहिणीला रोज एक फोटो पाठवणं वेगळं आणि लाइक मोजणं वेगळं.

फोटोंचा ढीग साठतो. त्याचं काय करायचं?

रविवारी बसा, आठवड्याचे बघा, दोन ठेवा, बाकीचे उडवा. हे ज्यांना जिवावर येतं त्यांनी दिवसाला तीनच फोटो काढावेत.

रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढले तर चालतील?

या सरावासाठी नकोत. अनोळखी माणसावर फोन रोखला की छातीत धडधड सुरू होते, आणि आपण ती कमी करायला आलोय. शिवाय समोरच्यालाही ताण येतो, तो कोण मोजणार? भाजीवाल्या मावशींचा फोटो हवाच असेल तर आधी विचारा, भाजी घ्या, बोला. त्या हो म्हणाल्या तर त्यांच्या हातांचा काढा, जुडी बांधणारी बोटं बघत राहावीत अशी असतात. मग फोटो त्यांना दाखवा. लहान मुलांचे फोटो त्यांच्या पालकांना विचारल्याशिवाय काढूच नका.

पावसाळ्यात काय?

पावसाळ्यासारखा ऋतू नाही: उजेड मऊ, रंग गडद, डबक्यात अख्खी इमारत उलटी. एसीतून एकदम बाहेर आलात की लेन्सवर बाष्प धरतं. ते सारखं पुसत बसू नका, दहा मिनिटं थांबा, आपणहून जातं. हवं तर त्या धुरकट लेन्समधूनच एखादा काढा. मोठा कॅमेरा असेल तर तो चामड्याच्या बॅगेत कोंडून कपाटात ठेवू नका, विशेषतः कोकणात आणि गोव्यात. लेन्सच्या आत बुरशी धरते आणि ती काढायला मोठा खर्च येतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.

मी लग्नाचे फोटो काढतो, हाच धंदा आहे. कॅमेरा हातात घेतला की क्लायंट आठवतो.

तुमचा प्रश्न सगळ्यात अवघड. कामाचा कॅमेरा यासाठी वापरू नका, त्याला हात लागला की बोटं आपोआप कामाला लागतात. साधा फोन घ्या आणि कामात कधीच काढत नाही असं काहीतरी काढा, निव्वळ रंगाचे तुकडे किंवा जमिनीवरचे डाग. काही दिवस कॅमेराच नको. दोन बोटांची चौकट करून बघा आणि मनातल्या मनात क्लिक करा. 2017 च्या अभ्यासात मनातल्या मनात फोटो काढणाऱ्यांनाही दिसलेलं जास्त लक्षात राहिलं होतं, त्यामुळे हे अगदीच वेडेपणाचं नाही.

मला रात्र रात्र झोप येत नाही, रडू येतं, कशातच रस वाटत नाही. याने बरं वाटेल का?

फोटोंवर विसंबून राहू नका. दोन आठवड्यांहून जास्त असं चालू असेल तर डॉक्टरांना भेटा, फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात केली तरी चालेल. सरकारच्या टेली-मानस सेवेचा नंबर 14416 आहे. तो दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर आत्ता लगेच फोन करा आणि घरातल्या कुणालातरी जवळ बसवा. उपचार चालू असताना जोडीला हे करायला हरकत नसते, पण तुमच्या डॉक्टरांना सांगून करा. काहींना एकाग्र होऊन बघताना उलट अस्वस्थ वाटतं, जुन्या आठवणी वर येतात. तसं झालं तर तिथेच थांबा. निग्रह दाखवायची ही जागा नाही.

आईचं वय सत्तर, गुडघे दुखतात. तिला जमेल?

छान जमतं. त्यांना कुंड्यांशी खुर्ची टाकून द्या. फोनवर फक्त कॅमेऱ्याचं चिन्ह पहिल्या स्क्रीनवर मोठं करून ठेवा आणि "हलला", "तिरका आला" असं काही बोलू नका. गोकर्णीच्या वेलावर आज किती कळ्या उमलल्या, हे त्या तुम्हाला स्वतःहून सांगायला लागतील.

सोसायटीत नुसती भिंत बघत उभं राहिलं की वॉचमन हटकतो.

हटकणारच, ते त्याचं काम आहे. आधीच जाऊन सांगा की भिंतीवरच्या शेवाळाचे फोटो काढतोय, आणि एखादा दाखवा. पुण्यात खडकी, देहूरोडसारख्या लष्करी भागांत मात्र फोन खिशातच ठेवा, तिथे शेवाळाची सबब चालत नाही. आमच्या सोसायटीचा वॉचमन आता स्वतःच सांगतो की पंपाच्या खोलीमागे सकाळी साडेसातला ऊन चांगलं येतं, आणि ते खरंच चांगलं येतं.